अदृश्य सावकार आणि सायकलवाले

ऐका रे पोरांनो, आज एका सावकाराची गोष्ट. त्याची पेढी नाही, चोपडी नाही, तो डोळ्यांना दिसतही नाही. तरी सायकलवर बसलेल्या प्रत्येकाकडून तो जागच्या जागी वसुली करतो. त्याचं नाव हवा.

गोष्ट सुरू होते फ्रान्समध्ये, 1903 साली. तिथल्या एका खेळाच्या वर्तमानपत्राचा खप वाढत नव्हता, म्हणून त्यांनी अख्ख्या देशाला फेरी घालणारी सायकल शर्यत काढली. तीच टूर द फ्रान्स. 60 जण निघाले आणि शेवटपर्यंत पोचले 21. पहिला आला मॉरिस गॅराँ, पोरवयात धुराडी साफ करून पोट भरणारा गडी. सायकल लोखंडी, गिअर एकच, रस्ते धुळीचे. टप्पे इतके लांब की रात्रीही पायडल मारत राहायचं. सहा टप्प्यांत त्यानं 2,428 किलोमीटर कापले, सरासरी वेग ताशी 25.7 किलोमीटर.

‘म्हणजे बाबांएवढाच!’ असं धाकटी म्हणणार हे मला ठाऊक होतंच. खरं आहे. तुझे बाबा रविवारी सपाट, डांबरी रस्त्यावर पंचवीस-सत्तावीसच्या वेगानं जातात, तासाभरानं चहाला थांबतात आणि दुपारी झोपतात. गॅराँ तसा तीन आठवड्यांत 94 तास गेला. पण तो मुद्दा शेवटी.

आता आजचं बघू. 2025 साली स्लोव्हेनियाच्या ताडेज पोगाचारनं हीच शर्यत जिंकली. 21 टप्पे, मधे आल्प्स, पिरेनीजचे डोंगर, आणि तरी सरासरी ताशी 42 किलोमीटरांहून जास्त. 1999 साली लावाल ते ब्ल्वा हा सपाट टप्पा मारिओ चिपोलिनीनं जिंकला तेव्हा वेग होता ताशी 50.4. चार तास तसंच! आपल्या गल्लीत स्कूटरवालासुद्धा इतका वेग घेत नाही, घेऊही नये.

तरी मला जास्त नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. नेहमी सायकल चालवणारा साधा माणूस तासभर साधारण 150 वॅट ताकद पायडलवर लावू शकतो. वॅट म्हणजे ताकद मोजायचं माप. टूरमधला पहिल्या फळीतला गडी 400 वॅटच्या आसपास लावतो. पावणेतीनपट ताकद! मग वेगही पावणेतीनपट हवा ना? पण सपाट रस्त्यावर दोघांना एकेकटं सोडलं, तर एक अठ्ठावीसनं जाईल आणि दुसरा चाळीसच्या आसपास. दीडपटसुद्धा भरत नाही. बाकीची कमाई गेली कुठे?

सावकाराकडे. त्याचा व्याजदर फार जुलमी आहे. वेग दुप्पट केलात की हवेचा अडथळा चौपट होतो. आणि तो चौपट अडथळा दुप्पट वेगानं ढकलायचा, म्हणून ताकद लागते आठपट. ताशी चाळीसला पोचलं की अंगातल्या कष्टाचा दहातला नऊ हिस्सा नुसती हवा बाजूला सारण्यात जातो. चाकाचं घर्षण, साखळीची कुरकुर हे उरलेल्या एका हिश्श्यात.

मग लोकांनी त्याला चुकवायच्या युक्त्या काढल्या. इटलीचा फिलिप्पो गाना 2022 साली स्वित्झर्लंडमधल्या ग्रेन्खेनच्या बंदिस्त ट्रॅकवर एका तासात 56.792 किलोमीटर गेला. बाबांच्या दुप्पट. आठपट ताकद कुणाच्या बापाकडे नसते, त्याच्याकडेही नव्हती. पण तो सायकलवर बसला नव्हता, जवळजवळ निजला होता. हात पुढे जोडलेले, मान खांद्यात घातलेली, अंगाला चिकटलेला कपडा, डोक्यावर निमुळतं हेल्मेट. हवेला त्यानं स्वतःचं अंगच कमी दाखवलं.

दुसरी युक्ती त्याहून जुनी: दुसऱ्याच्या मागे लपायचं. पुढचा हवा फाडतो, मागच्याला फटीतून जायला मिळतं. टूरमध्ये शे-दीडशे जण घोळक्यानं जातात, त्या घोळक्याला पेलोटॉन म्हणतात. बर्ट ब्लॉकन नावाच्या शास्त्रज्ञानं 2018 साली 121 सायकलस्वारांचा असा घोळका संगणकावर आणि छोट्या पुतळ्यांसह वातबोगद्यात तपासला. पार आतल्या माणसाला लागणारा हवेचा अडथळा एकट्याच्या मानानं कितीसा असावा? एकट्याला लागतो त्याचा जेमतेम विसावा ते दहावा हिस्सा! म्हणून टूरचे ते डोळे दिपवणारे आकडे एका माणसाचे समजू नका, ते घोळक्याचे आहेत. बाबांना उचलून त्या घोळक्याच्या पोटात ठेवलं तर सरळ सपाट रस्त्यावर तेही थोडा वेळ चाळीसनं जातील. वळण आलं आणि पुढच्यांनी एकदम जोर मारला की मागे गळतील, ते वेगळं.

खरी परीक्षा डोंगरात. चढावर वेग कमी, म्हणून हवेचा सावकार गप्प बसतो आणि पृथ्वी हिशेबाला येते. तिचं मात्र सगळं रोखठोक: ताकद दुप्पट लावा, दुप्पट वेगानं चढा. वजन कमी असेल तर आणखी सूट. आल्प्समध्ये आल्प द्युएझ नावाचा घाट आहे. 21 वळणं, पावणेचौदा किलोमीटर, शंभर मीटर गेलं की आठ मीटर वर. टूरमधले अव्वल चढणारे तो चाळीस मिनिटांच्या आसपास चढतात. बाबांसारखा 150 वॅटचा माणूस, पंचाहत्तर किलो वजनाचा, गणित मांडलं तर पावणेदोन तास घेईल. सपाटीवर दीडपटसुद्धा नसलेला फरक इथे अडीचपटीच्या वर जातो. मार्को पान्तानीनं नव्वदच्या दशकात तो अडतीस मिनिटांच्या आत चढला होता, पण त्या काळावर रक्त दाट करणाऱ्या औषधांचं सावट आहे, त्यामुळे मी त्या वेळेला फार भाव देत नाही. आणि सपाटीचा राजा गाना? ऐंशी किलोंच्या वरचा धिप्पाड गडी. मोठ्या घाटात तो मागेच राहतो.

म्हणून तर डोंगरातल्या पहिल्याला टूरमध्ये वेगळा मान, लाल ठिपक्यांचा पांढरा सदरा. आपल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीतही बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, ते याच न्यायानं.

ही ताकद येते कुठून? मांड्यांकडे बघू नका, छातीत बघा. साध्या तरुण माणसाचं शरीर पूर्ण जोर लावल्यावर दर किलोमागे मिनिटाला चाळीसेक मिलिलिटर प्राणवायू वापरतं, या लोकांचं पंचाहत्तर-ऐंशी. त्यांचं हृदय एका ठोक्यात इतकं रक्त फेकतं की बसल्या जागी मिनिटाला चाळीस ठोके पुरतात, आपले सत्तरेक पडतात. स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट, आणि पेशींतल्या तंतुकणिका, म्हणजे जिथे अन्न आणि प्राणवायूची ऊर्जा होते त्या जागा, संख्येनं जास्त. काही जन्मानं मिळतं, काही वर्षानुवर्षं रोज चार-पाच तास सायकल मारून. तरी खाल्लेल्यातला चौथा हिस्साच पायडलपर्यंत पोचतो, उरलेल्याची उष्णता होते. म्हणून डोंगरी टप्प्याच्या दिवशी हे पाच-सहा हजार कॅलरींचं जेवतात, त्यातलं बरंचसं सायकलवरूनच.

आणि मघाशी ठेवलेला मुद्दा: उद्या पुन्हा. 1993 पासून फ्रान्समध्ये दरवर्षी हजारो हौशी लोकांना टूरचा एक खरा टप्पा चालवायला मिळतो. पोचतातही बरेच जण, संध्याकाळपर्यंत. पण दुसऱ्या दिवशी त्यांना जिना उतरवत नाही. शर्यतवाले मात्र तीन आठवड्यांत दोनच सुट्ट्या घेऊन 21 वेळा हेच करतात.

आता धाकटीचा प्रश्न, सगळ्यात हळू कोण? त्यालाही टूरमध्ये नाव आहे, ‘लाल कंदील’. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लावायचे तो. डोंगरात तो मागे पडलेल्यांच्या टोळीत राहून, वेळेची मर्यादा संपायच्या आत कसाबसा पोचतो, नाहीतर शर्यतीतून बाहेर. तीन आठवड्यांनी तो विजेत्यापेक्षा पाच-सहा तास उशिरा ठरतो. भागाकार करून बघा: 2025 च्या त्या शर्यतीत शेवटून पहिला आलेल्याचाही वेग ताशी चाळीसच्या आसपास पडतो.