संगणक शून्य जकातीचा; कचरा कोणाचा?

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटी ही उद्योगवसाहत आहे. कर्नाटक शासनाच्या केऑनिक्स महामंडळाने, आर. के. बाळिगा यांच्या पुढाकाराने, १९७० नंतरच्या दशकात कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या खेड्यांच्या जमिनीवर तिचा पाया घातला. त्या काळी परदेशी संगणक आणावयाचा म्हणजे परवाना मिळवावा लागे आणि जबर जकातही भरावी लागे.

डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूर येथे माहिती-तंत्रज्ञान वस्तूंच्या व्यापाराचा करार जाहीर झाला. १९९७ मध्ये भारत त्यात सामील झाला. संगणक व त्यांचे भाग यांवरील जकात क्रमाक्रमाने शून्यावर आली. यंत्रे स्वस्त होऊन शाळांत व बँकांतही पोहोचली. हा लाभ थोडा नव्हे.

परंतु संगणकाचे आयुष्य अल्प असते. जुन्या यंत्रांचे सांधे जोडणाऱ्या कथिलात शिसे असते, पडद्यामागील दिव्यांत पारा आणि तारांच्या वेष्टनात क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक. त्यांत सोनेही असते. एक टन मंडलफलकांत ते इतके असते की, चांगल्या खाणीच्या एक टन खनिजातही तितके सापडत नाही. कोलारची सोन्याची खाण २००१ मध्ये बंद पडली. नवी खाण जणू भंगारातच निघाली! मात्र लहान लहान शेडांतून तारा उघड्यावर जाळून तांबे आणि फलक आम्लात बुडवून सोने काढले जाते, तेव्हा धुराबरोबर डायॉक्सिन हे विष कामगाराच्या श्वासात शिरते व उरलेले आम्ल गटारात जाते. यंत्र स्वस्त झाले खरे. उरलेली किंमत हा कामगार भरतो.

२०११ च्या नियमांनी, जे मे २०१२ पासून अमलात आले, टाकाऊ यंत्रे परत गोळा करण्याचे दायित्व उत्पादकावर टाकले, आणि ‘उत्पादक’ या संज्ञेत आयातदारासही धरले. परदेशातून आलेल्या यंत्राच्या अखेरीस येथे कोणीतरी उत्तरदायी ठरला तो यामुळे.

व्यापारकरारांचे तसे नाही. २०१७ नंतर भारताने मोबाइल फोनवर जकात बसविली, तेव्हा युरोपीय संघ, जपान व तैवान यांनी जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि एप्रिल २०२३ मध्ये निर्णय भारताविरुद्ध गेला. (तेथील अपील मंडळावर सदस्यच नसल्याने भारताचे अपील पडून राहिले, हा भाग निराळा.) उलट, स्वित्झर्लंड, नॉर्वे आदी चार देशांशी मार्च २०२४ मध्ये झालेल्या करारात शाश्वत विकासाचे स्वतंत्र प्रकरण आहे, परंतु ते तंटानिवारणाच्या कक्षेबाहेर ठेवलेले असून त्यातील वचन मोडल्यास उभय पक्षांनी केवळ विचारविनिमय करावयाचा आहे.