मिलिमीटर एका बटणात मावत नाही
सीएनसी लेथवरच्या एककांविषयी सहा गैरसमज

जव्हार-मोखाड्यातली आयटीआय झालेली मुलं नोकरीला निघाली की वाटा बहुधा ठरलेल्या असतात: पश्चिमेला बोईसर-तारापूर, दक्षिणेला वाडा, नाहीतर त्र्यंबक ओलांडून नाशिकचं सातपूर-अंबड. साध्या लेथवर हात बसलेला असतो. कारखान्यात सीएनसी लेथ समोर येतो आणि सेटर म्हणतो, "युनिट मिलिमीटरमध्ये आहे ना, बघ रे." मुलगा स्क्रीनवर मिलिमीटर बघतो आणि निश्चिंत होतो. घोळ तिथूनच सुरू होतो. कंट्रोलपर्यंत पोचतो तो नुसता आकडा. तो मिलिमीटरचा की इंचाचा, व्यासाचा की त्रिज्येचा, फेऱ्यामागचा की मिनिटामागचा, हे वेगवेगळ्या सेटिंग मिळून ठरवतात. त्यातली एक जरी चुकली, तरी बाकीच्या बरोबर असून उपयोग नाही.

गैरसमज १: आपला देश मेट्रिक आहे, इंचाचं आपल्याला काय काम?

वस्तुस्थिती: कायद्याने हे खरं आहे. १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापं टप्प्याटप्प्याने लागू झाली. पण फॅब्रिकेशनच्या दुकानात सळई अजून सुतात मागतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. नळाच्या पाइपाचे आटेही इंचातच मोजले जातात. पाऊण इंची पाइपाला इंचाला १४ आटे असतात, म्हणजे पिच १.८१४ मिमी. गंमत अशी की त्या आट्यांचा बाहेरचा व्यास पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिमी नसतो, तो २६.४४ मिमी असतो. पाऊण इंच हे पाइपाचं नाव आहे, कापायचं माप नव्हे. इतकंच कशाला, रोज वापरायचा सीएनएमजी १२०४०८ इन्सर्ट घ्या. त्याच्या आतल्या वर्तुळाचा व्यास १२.७ मिमी म्हणजे बरोबर अर्धा इंच, आणि जाडी ४.७६ मिमी म्हणजे दीड सूत. मेट्रिक नावाखाली इंचच आहे.

गैरसमज २: जी२० म्हणजे इंच, जी२१ म्हणजे मिलिमीटर, सगळ्या मशीनवर हेच.

वस्तुस्थिती: फॅनुक कंट्रोलवर हे बरोबर. हासच्या मशीनवर मात्र एकक 'सेटिंग ९' मध्ये निवडलेलं असतं. तिथे प्रोग्रॅममधला जी२० किंवा जी२१ फक्त ताळा करतो. मेळ बसला नाही तर अलार्म येतो. सायमेन्सच्या सिन्युमेरिकवर इंचासाठी जी७० आणि मिलिमीटरसाठी जी७१ असतो. हाच जी७१ फॅनुकच्या लेथवर रफिंग सायकल सुरू करतो आणि जी७० फिनिशिंगची. म्हणून एका कंपनीच्या कंट्रोलचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर उतरवताना पहिल्या दोन-तीन ओळी डोळ्यांत तेल घालून वाचाव्यात.

गैरसमज ३: युनिट बदललं की मेमरीतले आकडेही आपोआप बदलतात.

वस्तुस्थिती: प्रोग्रॅममधला आकडा जागचा हलत नाही. मिलिमीटरसाठी लिहिलेला 'एक्स ५०.०' इंचात वाचला गेला, तर त्याचा अर्थ १२७० मिमी होतो. टूल ऑफसेटचं वागणं कंट्रोलनुसार वेगळं. हासवर सेटिंग बदलल्यावर ऑफसेटचं रूपांतर होतं, प्रोग्रॅमचं होत नाही. फॅनुकवर ऑफसेट रूपांतरित व्हावेत की नाही, हे पॅरामीटरवर अवलंबून असतं. म्हणून एकक बदललं की सगळे ऑफसेट पुन्हा तपासायचे. जी२१ हा प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच, कोऑर्डिनेट ठरण्याआधी लिहायचा. मध्येच एकक बदलायचं नाही. आणखी एक गोष्ट: फॅनुकवर वीज जाऊन आली तरी आधीचंच एकक कायम राहतं. मागच्या शिफ्टने इंचाचा जॉब चालवून मशीन बंद केलं असेल, तर सकाळी ते इंचातच उठतं.

गैरसमज ४: 'एक्स ५०' आणि 'एक्स ५०.०' एकच.

वस्तुस्थिती: गणिताच्या वहीत एकच, मशीनवर नाही. फॅनुकच्या नेहमीच्या मांडणीत पॉइंट न दिलेला आकडा सर्वांत लहान एककात मोजला जातो. मिलिमीटरमध्ये ते एकक ०.००१ मिमी. म्हणजे 'एक्स ५०' हा ०.०५ मिमी व्यास झाला आणि टूल थेट जॉबच्या मध्याकडे धावतं. पॅरामीटर बदलून पॉइंटशिवायचा ५० हा ५० मिमी समजायला लावता येतो, त्यामुळे शेजारशेजारची दोन मशीनं वेगळी वागू शकतात. सिन्युमेरिकवर ५० म्हणजे ५० मिमीच. कुठल्याही मशीनवर चालणारी सवय एकच: पॉइंट नेहमी द्यायचा.

गैरसमज ५: मिलिमीटर लावलं की फीड आणि स्पीडचा प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: फीडला लांबीबरोबर दुसरं एककही लागतं. फॅनुक लेथच्या जी-कोडच्या 'ए' पद्धतीत जी९९ म्हणजे फेऱ्यामागे मिलिमीटर, जी९८ म्हणजे मिनिटामागे मिलिमीटर. स्पिंडल १००० आरपीएमने फिरत असताना जी९९ मध्ये 'एफ ०.२' दिला की टूल मिनिटाला २०० मिमी सरकतं. तोच आकडा जी९८ मध्ये मिनिटाला ०.२ मिमी होतो आणि मशीन अडकल्यासारखं वाटतं. इंचात तोच ०.२ फेऱ्यामागे ५.०८ मिमी होतो. इन्सर्ट टिकणार नाही. कापण्याचा वेग कायम ठेवणाऱ्या जी९६ चंही तसंच. 'एस १८०' मिलिमीटरमध्ये मिनिटाला १८० मीटर, इंचात १८० फूट. ५० मिमी व्यासावर पहिल्यात सुमारे ११४६ आरपीएम, दुसऱ्यात जेमतेम ३४९.

गैरसमज ६: लेथवर एक्सचे सगळे आकडे व्यासाचे असतात.

वस्तुस्थिती: साध्या लेथवर क्रॉस-स्लाइड १ मिमी आत नेली की व्यास २ मिमीने उतरतो, म्हणून टर्नरला निम्मं करायची सवय असते. सीएनसी लेथवर एक्स सहसा व्यासात असतो. जॉब ०.०४ मिमी मोठा आला, तर ऑफसेटमधून ०.०४ वजा करायचे, ०.०२ नाही. पण अपवाद लक्षात ठेवावेत. फॅनुकच्या जी७१ सायकलमध्ये पहिल्या ओळीतला 'यू' हा काप त्रिज्येत असतो, 'यू २.०' लिहिलं की व्यास ४ मिमीने कमी होतो. दुसऱ्या ओळीतला 'यू', म्हणजे फिनिशिंगसाठी ठेवलेला माल, मात्र व्यासात. गोलाईचा 'आर' आणि 'आय' हेही त्रिज्येतच. लिनक्स-सीएनसीमध्ये जी७ व्यासासाठी, जी८ त्रिज्येसाठी, म्हणजे एका अंकाने अर्थ दुप्पट किंवा निम्मा होतो.

नवीन मशीनवर पहिला जॉब लावण्याआधी क्रम असा ठेवावा: ड्रॉइंगवरचं एकक, प्रोग्रॅमच्या सुरुवातीचं एकक, स्क्रीनवरचं एकक, फीडचा प्रकार, ऑफसेटचे आकडे आणि हातातला मायक्रोमीटर, या सहा जागी मेळ आहे का ते पाहायचं. पॅरामीटर वाचायला हरकत नाही, पण सेटरला विचारल्याशिवाय बदलायचा नाही. मग टूल जॉबपासून लांब ठेवून, रॅपिड कमी करून, सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ चालवायची आणि 'डिस्टन्स टू गो' वाचत राहायचं. टूल डोळ्यांना जॉबपासून चार बोटांवर दिसतंय आणि स्क्रीन हजारभर मिलिमीटर बाकी दाखवतेय, तर फीड-होल्ड दाबा. कुठेतरी इंच शिरला आहे.