घरी जाऊन आलेली नळी

केमोथेरपीसाठी बस्तरहून रायपूरला वारंवार येणाऱ्या रुग्णाच्या दंडात कधी कधी नळी बसवूनच ठेवतात. तिचे टोक हृदयाच्या तोंडाशी, महाशिरेत हवे. घरच्या मुक्कामात खोकला, ओकारी किंवा पट्टी बदलताना बसलेला हिसका यांनी ते सरकू शकते. परतल्यावर नळीतून रक्त आले म्हणजे झाले, असे नव्हे. बाहेरची लांबी मोजून जुन्या आकड्याशी ताडतात. पण ती जुळूनही टोक आत मानेकडे वळलेले असू शकते! मग शंका आली की छातीचा एक्स-रे. भलत्या जागी औषध सोडले तर शिरेत गुठळी व्हायची भीती. १९२९ मध्ये जर्मनीत वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्याच हातातून हृदयापर्यंत नळी सरकवली, तेव्हा तेही खात्रीसाठी चालत एक्स-रे काढायलाच गेले होते. घरच्यांनी पहिली फिल्म आणि लांबीची नोंद असलेला कागद प्रवासाच्या पिशवीत आठवणीने ठेवावा.