विश्लेषण : युद्धनौकेच्या हुबेहूब मॉडेलसाठी इतिहासाचा शोध कसा घेतात?

प्लास्टिकचे शेकडो सुटे भाग, चिकटवण्यासाठी सिमेंट आणि रंगांच्या छोट्या बाटल्या. जहाजाच्या मॉडेलचे खोके उघडले की वाटते, आता फक्त जोडणी बाकी आहे. मात्र काटेकोर मॉडेल करणाऱ्यांचे काम त्याआधी कितीतरी महिने सुरू झालेले असते. २४ मे १९४१ रोजी ब्रिटनची बॅटलक्रूझर ‘एचएमएस हूड’ डेन्मार्कच्या सामुद्रधुनीत जर्मन युद्धनौका ‘बिस्मार्क’शी लढताना काही मिनिटांत बुडाली. जहाजावरील १४१८ जणांपैकी केवळ तिघे वाचले. त्या सकाळी ‘हूड’ नेमकी कशी दिसत होती, याचे उत्तर कुठल्याही एका कागदावर मिळत नाही. ते जुळवावे कसे लागते आणि त्यासाठी एवढी धडपड का करतात, याचा हा आढावा.

‘हूड’चे मॉडेल म्हणजे नेमक्या कोणत्या ‘हूड’चे?

स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील जॉन ब्राऊन गोदीत १९१६ मध्ये ‘हूड’ची बांधणी सुरू झाली. १९१८ मध्ये तिचे जलावतरण झाले आणि १९२० मध्ये ती नौदलात दाखल झाली. त्यानंतर २१ वर्षे ती सेवेत होती आणि या काळात तिचे रूप सतत बदलत गेले. १९२९ ते १९३१ दरम्यान तिची मोठी दुरुस्ती झाली. मूळच्या साडेपाच इंची तोफा १९४० मध्ये उतरवल्या गेल्या आणि विमानविरोधी माऱ्यासाठी चार इंची जोडतोफा वाढवण्यात आल्या. विमानांवर रॉकेट सोडणारी यंत्रेही बसवली गेली. १९४१ च्या सुरुवातीला रोसाइथ येथील गोदीत तोफांचा नेम धरण्यासाठीचे ‘टाइप २८४’ रडार बसले.

म्हणजे १९२४ मध्ये जगाच्या सफरीवर असलेली ‘हूड’ आणि १९४१ मध्ये बुडालेली ‘हूड’ ही मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने दोन वेगळी जहाजे आहेत. साडेपाच इंची तोफा ठेवून वर रडार लावले तर कधीच अस्तित्वात नसलेले जहाज तयार होते. म्हणून या छंदातील पहिला नियम असा, की आधी तारीख ठरवायची आणि मग जहाज बांधायचे.

प्रमाण ठरले की तपशील किती लागतो?

हा साधा गणिताचा भाग आहे. ‘हूड’ची लांबी सुमारे २६२ मीटर. १:७०० या प्रमाणात ती साधारण साडेसदतीस सेंटीमीटर होते, १:३५० मध्ये ७५ सेंटीमीटर आणि १:२०० मध्ये १३१ सेंटीमीटर. जपानमधील शिझुओका येथील मॉडेल कंपन्यांनी १९७१ मध्ये एकत्र येऊन ‘वॉटरलाइन’ मालिका सुरू केली. तिच्यामुळे १:७०० हे प्रमाण घरोघरी पोहोचले.

१:३५० मध्ये मॉडेलवरील एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील ३५ सेंटीमीटर. पावणेदोन मीटर उंचीचा खलाशी पाच मिलिमीटरचा होतो. ‘हूड’च्या १५ इंची तोफेच्या नळीचे तोंड जेमतेम एक मिलिमीटरचे भरते. डेकवरच्या कठड्याची सळई प्लास्टिकमध्ये या मापाने ओतताच येत नाही. त्यासाठी रसायनाने कोरलेले पितळी पत्र्याचे भाग वापरतात. प्रमाण जितके मोठे, तितका तपशील अधिक आणि तितकेच चूक दिसण्याचे प्रमाणही अधिक. १:७०० मध्ये लपून जाणारी खिडकी १:२०० मध्ये लपत नाही.

आराखडे उपलब्ध असतील तर अडचण काय?

ब्रिटिश जहाजांचे असंख्य आराखडे ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमच्या संग्रहात आहेत. अमेरिकी जहाजांसाठी मेरिलँडमधील कॉलेज पार्क येथील राष्ट्रीय अभिलेखागार, तर जर्मन नौदलासाठी फ्रायबर्ग येथील लष्करी अभिलेखागार ही महत्त्वाची ठिकाणे. पण आराखड्यांतही दोन प्रकार असतात. एक जहाज कसे बांधायचे हे सांगणारा आणि दुसरा जहाज प्रत्यक्षात कसे बांधले गेले हे दाखवणारा. गोदीत काम सुरू झाल्यावर एखादी शिडी सरकते, एखादा दिवा दुसरीकडे जातो. त्यामुळे दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे बांधणीनंतर काढलेला आराखडा अधिक विश्वासार्ह मानतात. मात्र त्यावरही तारीख असते आणि त्या तारखेनंतरचे बदल त्यात सापडत नाहीत. युद्धकाळात घाईघाईने बसवलेल्या विमानविरोधी तोफांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते.

काही वेळा आराखडेच हाती लागत नाहीत. जपानच्या ‘यामातो’ची बांधणी कमालीच्या गुप्ततेत झाली. तिच्या तोफा ४६ सेंटीमीटरच्या होत्या, पण कागदोपत्री त्यांना ४० सेंटीमीटरच्या म्हटले जाई. युद्ध संपताना जपानी नौदलाने मोठ्या प्रमाणावर कागदपत्रे जाळली. जहाजाची छायाचित्रेही मोजकीच आहेत. १९४१ च्या चाचण्यांच्या वेळची काही आणि नंतर हल्ला करणाऱ्या अमेरिकी विमानांतून टिपलेली काही. त्यामुळे ‘यामातो’वरचे संशोधन आजही उरलेले कागद, छायाचित्रे आणि समुद्रतळावरील अवशेष यांचा मेळ घालत चालते. ती जिथे बांधली गेली त्या कुरे शहरातील संग्रहालयात २००५ पासून तिचे एकदशांश आकाराचे, २६.३ मीटर लांबीचे मॉडेल आहे.

छायाचित्र कसे वाचतात?

छायाचित्राची तारीख पक्की नसेल तर त्यातील सामानावरून ती काढली जाते. रडार दिसते आहे, म्हणजे चित्र अमुक दुरुस्तीनंतरचे. एखादी तोफ अजून जागेवर आहे, म्हणजे तमुक दुरुस्तीआधीचे. अशा दोन बाजूंनी आवळत आणल्यावर कालखंड काही महिन्यांवर येतो. माप काढण्यासाठी जहाजावरील ज्या भागाची लांबी ठाऊक आहे तो पट्टीसारखा वापरतात. त्याच अंतरावर, त्याच कोनात असलेल्या दुसऱ्या भागाचे माप त्यावरून निघते. छापताना निगेटिव्ह उलटी लागली असेल तर डावे-उजवे बदलते. म्हणून दोन्ही बाजूंना सारखे नसलेले सामान आधी तपासले जाते.

‘बिस्मार्क’च्या बाबतीत तर तीन-चार दिवसांचाही फरक पडतो. बाल्टिक समुद्रात असताना तिच्या बाजूंवर काळे-पांढरे तिरके पट्टे होते. २१ मे १९४१ रोजी नॉर्वेतील बर्गनजवळ ती नांगरून उभी असताना हे पट्टे राखाडी रंगाखाली झाकण्यात आले. त्याच दिवशी ब्रिटिश स्पिटफायर विमानाने तिचे छायाचित्र टिपले. ‘हूड’शी लढाई झाली ती त्यानंतर तीन दिवसांनी. त्यामुळे ‘हूड’समोर पट्टेदार ‘बिस्मार्क’ मांडणारा देखावा आकर्षक दिसला, तरी तो चुकीचा ठरतो.

रंगावरून सर्वाधिक वाद का होतात?

कृष्णधवल छायाचित्र रंग सांगत नाही आणि अनेकदा दिशाभूलही करते. त्या काळच्या ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ दिसत नसे. त्यामुळे लाल रंग काळपट, तर निळा रंग उजळ उमटे. ‘पॅनक्रोमॅटिक’ फिल्मवर तोच निळा वेगळ्या छटेत येतो. फिल्म कोणती होती हे माहीत नसताना राखाडी छटेवरून रंग ठरवणे म्हणजे अंदाजच.

पर्ल हार्बरमध्ये ७ डिसेंबर १९४१ रोजी ११७७ जणांसह नष्ट झालेली ‘यूएसएस अ‍ॅरिझोना’ हे याचे ठळक उदाहरण. त्या वर्षी अमेरिकी नौदल ‘५-डी’ या गडद राखाडी रंगाऐवजी ‘५-एस’ हा निळसर रंग वापरू लागले होते. पांढऱ्या मूळ रंगात जांभळट-निळी लुकटी मिसळून हा रंग जहाजावरच तयार करता येई. हल्ल्याच्या दिवशी ‘अ‍ॅरिझोना’वर जुना रंग होता की नवा, यावर मॉडेल करणाऱ्यांत वर्षानुवर्षे वाद रंगला. एका बाजूला निळा रंग पाहिल्याच्या आठवणी, दुसऱ्या बाजूला नौदलाचे आदेश आणि छायाचित्रे. ‘बिस्मार्क’च्या तोफांच्या बुरुजांच्या माथ्याचा रंग कोणता, हाही असाच जुना वाद. जपानी जहाजांच्या बाबतीत तर कुरे, सासेबो, योकोसुका आणि मायझुरू या प्रत्येक नौदल गोदीचा राखाडी थोडा वेगळा. म्हणून मॉडेलच्या रंगांच्या बाटल्यांवर गोदीचे नाव छापलेले असते.

समुद्रतळावरील अवशेषांतून काय कळते?

‘बिस्मार्क’चे अवशेष १९८९ मध्ये रॉबर्ट बॅलार्ड यांनी शोधले, ‘हूड’चे २००१ मध्ये डेव्हिड मर्न्स यांनी, तर ‘यामातो’ची भगिनी ‘मुसाशी’ २०१५ मध्ये पॉल अ‍ॅलन यांच्या मोहिमेला सापडली. ‘हूड’चे सुकाणू डावीकडे २० अंशांत वळलेल्या स्थितीत आढळले. अखेरच्या क्षणी ती डावीकडे वळत होती, याला त्यातून भौतिक पुरावा मिळाला. शेवटच्या वळणाचा देखावा करणाऱ्यासाठी सुकाणूचा हा कोन आता कल्पनेचा विषय राहिलेला नाही. अर्थात, स्फोटाने फाटलेल्या आणि गंजलेल्या पोलादावरून सगळेच वाचता येत नाही.

शाबूत जहाज किंवा चित्रपट पाहून काम भागत नाही का?

शाबूत जहाजही फसवू शकते. योकोसुका येथे जतन केलेली ‘मिकासा’ ही १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईतील जपानी ध्वजनौका. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्यावरील तोफा आणि वरचे बांधकाम काढून टाकले गेले. १९६१ मध्ये ती पुन्हा उभी केली तेव्हा काही भाग भंगारात निघालेल्या चिलीच्या ‘अल्मिरांते लातोरे’ या युद्धनौकेचे वापरले गेले. म्हणजे तिथे जाऊन काढलेला प्रत्येक फोटो १९०५ चा पुरावा ठरत नाही.

चित्रपटाच्या बाबतीत एक उदाहरण भारतीय नौदलाशी निगडित आहे. १९३९ च्या रिव्हर प्लेट लढाईतील ‘अकिलीस’ ही क्रूझर १९४८ मध्ये भारताकडे येऊन ‘आयएनएस दिल्ली’ झाली. १९५६ मध्ये या लढाईवर चित्रपट निघाला, तेव्हा ‘दिल्ली’नेच त्यात ‘अकिलीस’ची भूमिका केली. जहाज अस्सल होते, पण १९३९ चे राहिले नव्हते. तिच्यावर मुळात सहा इंची तोफांचे चार बुरूज होते. त्यापैकी एक १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात निकामी झाल्यानंतर काढला गेला होता. चित्रपट पाहून १९३९ ची ‘अकिलीस’ करणाऱ्याच्या मॉडेलमध्ये दोन तोफा कमी पडतील. हे जहाज १९७८ मध्ये मुंबईत भंगारात काढण्यात आले, त्यामुळे आता शहानिशा कागदांवरूनच करावी लागते.

एवढ्या काटेकोरपणाने साधते काय?

मॉडेलची छायाचित्रे पुस्तकांत आणि माहितीपटांत जातात. एकाने केलेली चूक दुसरा पुरावा म्हणून वापरतो आणि ती पक्की होत जाते. त्यामुळे जाणकार मॉडेलकार कामाची वही ठेवतात. कोणता भाग आराखड्यावरून घेतला, कोणता छायाचित्रावरून आणि कोणता अंदाजाने केला, याची त्यात नोंद असते. नवा पुरावा मिळाला तर नेमके काय बदलायचे हे त्यावरून कळते.

दुसरे कारण माणसांचे आहे. ब्रिटनच्या महायुद्धकालीन बॅटलशिप आणि बॅटलक्रूझरपैकी एकही आज शिल्लक नाही. ‘हूड’वरील १४१५ मृतांच्या कुटुंबीयांना जाऊन उभे राहता येईल अशी कबर नाही. २०१५ मध्ये तिची घंटा समुद्रतळावरून वर काढण्यात आली आणि २०१६ मध्ये, बुडाल्याच्या ७५ व्या स्मृतिदिनी, ती पोर्ट्समथ येथील संग्रहालयात ठेवण्यात आली. साफ केल्यावर तिच्यावरील कोरीव मजकूर वाचता आला. ही घंटा त्याआधी याच नावाच्या १८९१ च्या जुन्या युद्धनौकेवर होती. आजोबा किंवा पणजोबा कोणत्या तोफेपाशी, कोणत्या डेकवर उभे असत, हे नातवंडांना दाखवायचे तर घंटेखेरीज हाताशी उरते ते मॉडेलच. तिथे ती तोफ त्या दिवशी खरोखर होती का, हे तपासणे म्हणूनच गरजेचे ठरते.