आत गळणारं दार

कुकरची रिंग सैल झाली की स्वयंपाकघराला लगेच कळतं. शिट्टी होत नाही, झाकणाच्या कडेने वाफ फसफसते. वॉशिंग मशीनचं रबर फाटलं तर फरशीवर पाणी येतं. लॉन्ड्रोमॅटमधल्या, म्हणजे नाणी टाकून कपडे धुण्याच्या दुकानातल्या, ड्रायरच्या दाराचं पॅकिंग गेलं, तर मात्र ना काही दिसतं, ना ऐकू येतं. कारण हे दार बाहेर गळत नाही, आत गळतं.

भाड्याच्या यंत्रांवर कपडे धुण्याच्या या धंद्याचा आरंभ टेक्ससमधल्या फोर्ट वर्थच्या १९३४ सालच्या 'वॉशाटेरिया'पासून धरतात. विस्कॉन्सिनच्या हॅमिल्टन कंपनीने १९३८ साली घरगुती ड्रायर बाजारात आणला, त्याचं नाव 'जून डे'. आपल्याकडे जून म्हणजे दोरीवरचे कपडे ओढून घरात पळायचा महिना. तिकडे तो लख्ख उन्हाचा!

या ऊन देणाऱ्या यंत्राची एक गंमत आहे. बहुतेक व्यावसायिक ड्रायरमध्ये पंखा हवा ढकलत नाही, ओढतो. बर्नरने तापवलेली हवा ड्रममध्ये शिरते, कपड्यांतून आणि लव अडवणाऱ्या जाळीतून जाते आणि नळकांड्यातून बाहेर पडते. या ओढीमुळे ड्रममधला दाब खोलीतल्या दाबापेक्षा कमी राहतो. दाराला फट असली की खोलीतली गार हवा तिथून आत घुसते, तीही बर्नरला बगल देऊन. पंखा तेवढाच फिरतो, पण कपड्यांना मिळणारी हवा कोमट होते.

एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट उष्णता लागते. पिळलेल्या कपड्यांत पाच किलो पाणी उरलं असेल, तर नुसत्या वाफेपायी सव्वातीन युनिटं गेली. त्यात गार हवेची भर पडली की वेळ वाढतो आणि गॅसही. काही गॅस ड्रायरमध्ये तर हवेच्या ओढीवर धरून राहणारी एक झडप असते. ओढ कमी पडली की ती सुटते आणि बर्नर बंद होतो. मग मेकॅनिक बर्नर खोलून बसतो आणि दुखणं असतं दारात.

ते ओळखायला कागदाची एक पट्टी पुरते. बंद यंत्राच्या दारात ती धरा, दार लावा आणि हळूच ओढा. अडखळत आली तर पॅकिंग ठीक. सुळकन निघाली तर तिथे फट आहे. सगळ्या कडेने हे करून पाहायचं. एकाच बाजूला पट्टी सुटत असेल, तर आधी बिजागरी आणि खटका तपासायचा. लोंबलेल्या दाराला नवं पॅकिंग लावणं म्हणजे पैसे वाया.

रोजची निगा सोपी आहे: कडेला बसलेली लव आणि सुगंधी ड्रायर शीटचा मेणचट थर सौम्य साबणाच्या फडक्याने पुसायचा. पॅकिंग बदलताना खरा वेळ जातो तो जुना गोंद खरवडण्यात. त्यावर नवं चिकटत नाही. उष्णता सोसणारा सिलिकॉन गोंद लावून पॅकिंग न ताणता बसवायचं. ताणलेलं नंतर आखडतं आणि सांध्यात फट पडते. गोंद पुरता वाळेपर्यंत यंत्र चालवायचं नाही.

मालक गॅसचं बिल भरतो, गिऱ्हाईक जादा नाणी. तेव्हा कपडे दमट निघाले, तर पुढचं नाणं टाकण्याआधी एकदा दाराची कड नीट पाहा. रबर फाटलेलं दिसलं, तर काउंटरवर सांगा आणि शेजारचं यंत्र घ्या.