नावांची मुळं (९) : शेतातून आलेली सीता

गेल्या आठवड्यात वृंदेची तुळस झालेली आपण पाहिली. सीतेचा प्रवास नेमका उलटा आहे. वृंदा आधी बाई होती, मग झाड झाली. सीता आधी जमीन होती, बाई ती नंतर झाली.

नांगराचा फाळ जमिनीत शिरला की मागे जी रेघ उमटत जाते, तिला आपले शेतकरी तास म्हणतात. संस्कृतात तीच सीता. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातलं ५७वं सूक्त शेताच्या देवतांचं आहे. त्यात ऋषी या सीतेपुढेच हात जोडतो. जवळ ये, आम्हाला भरभरून दे, असं मागतो. तिथे राम नाही आणि रावणही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर राजाच्या शेतीवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचं पदच सीताध्यक्ष. बियाणं कसं राखायचं, पाऊस कसा मोजायचा, कोणती पेरणी कधी करायची, यावर कौटिल्याने अख्खा अध्याय खर्च केला आहे. वाल्मीकींच्या जनकाला शेत नांगरताना मुलगी सापडते, आणि तिचं नाव शोधायला त्याला कुठे जावं लागत नाही. शेवटी धरणी दुभंगते आणि तीच तिला पोटात घेते. मातीतून आली ती मातीत गेली, एवढंच याचं वर्णन मला अपुरं वाटतं. साऱ्या दरबाराने पारख करून झाल्यावर तिने आपलं माहेर निवडलं, असं मी ते वाचतो.

तिच्या नावाची झाडं आपल्याकडे पुष्कळ. पहिला मान अर्थात सीता अशोकाचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे झाड जवळून पाहावं. फुलांचे झुबके कोवळ्या शेंड्यांवरच येतात असं नाही. थेट जून फांद्यांमधून, कधी खोडातूनही फुटतात. एक फूल हातात घेतलं तर कळतं की त्याला पाकळ्या नाहीतच. पाकळ्यांसारखे जे चार भाग दिसतात ती निदलं, आणि त्यांतून बाहेर झेपावलेले लांब पुंकेसर. फूल उमलतं पिवळसर नारिंगी आणि जुनं होता होता लाल होतं, त्यामुळे एकाच झुबक्यात सगळ्या छटा नांदतात. नवी पालवी तांबूस, मऊ आणि खाली लोंबणारी.

शहरांतल्या सोसायट्यांच्या कुंपणाशी उंच, सरळसोट उभा असतो तो अशोक हा नव्हे. तो आसुपालव, म्हणजे खोटा अशोक, आणि गंमत अशी की तो सीताफळाच्या कुळातला. खरा अशोक सावकाश वाढतो, त्याला ओलावा आणि थोडी सावली लागते. नावाने अशोक मागून आसुपालव लावणाऱ्या प्रत्येकाला तो एकदा दाखवायला हवा. आणखी एक गोष्ट रामायण वाचताना हमखास निसटते. अशोकवनात सीता बसलेली असते ती शिंशपेच्या झाडाखाली. हनुमान दडतो तोही त्याच झाडावर.

सीताफळाचा मात्र रामायणाशी काही संबंध नाही. ते मूळ उष्ण अमेरिकेतलं आणि आपल्याकडे ते पोर्तुगिजांबरोबर आलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. परक्या फळाला आपलंसं करताना लोकांना हेच नाव सुचलं आणि भावंडांना रामफळ, लक्ष्मणफळ, हनुमानफळ म्हणून त्यांनी सगळं कुटुंबच वसवलं. पुरंदरच्या माळावर आज ते इतकं रुळलं आहे की ते बाहेरचं आहे हे सांगूनही खरं वाटू नये.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निळसर जांभळा गालिचा पसरतो, ती सीतेची आसवं. फूल नखाएवढं. वनवासात तिचे अश्रू पडले तिथे ही उगवली, असं लोक सांगतात. वनस्पतिशास्त्र सांगतं ते याहून कमी विलक्षण नाही. कातळावरच्या त्या पातळ, पाणथळ मातीत नायट्रोजन फार कमी. म्हणून ही वनस्पती मातीखाली सूक्ष्म फुगे बाळगते. फुग्यातलं पाणी ती बाहेर टाकते, आत दाब कमी होतो; दाराशी असलेल्या केसांना एखाद्या सूक्ष्म जिवाचा धक्का लागला की दार उघडतं आणि पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो. पापणी लवायच्या आत सगळं संपतं. निकस जागी तग धरण्याची ही युक्ती आहे, आणि लोकांनी तिला ज्या बाईचं नाव दिलं तिचं आयुष्य आठवलं की नाव चपखल वाटतं.

साहित्यात सीतेचं हे झाडांशी असलेलं नातं ओळखलं ते भवभूतीने. तो आपला, विदर्भातल्या पद्मपूरचा. 'उत्तररामचरित'च्या पहिल्या अंकात लक्ष्मण तिला त्यांच्याच वनवासाची चित्रं दाखवतो आणि ती पाहताना तिला पुन्हा अरण्यात जावंसं वाटतं. तिसऱ्या अंकात राम पंचवटीत परततो तेव्हा तिथे तिने वाढवलेला कदंब असतो, तिने चारा भरवलेलं हत्तीचं पिल्लू आता मोठं झालेलं असतं. ती शेजारीच उभी आहे, पण त्याला दिसत नाही. झाड दिसतं.

चित्रकारांना भुरळ पडली ती शेवटच्या प्रसंगाची. राजा रविवर्म्याच्या १८८०च्या 'सीता भूमिप्रवेश'मध्ये धरणीमाता लेकीला घेऊन खाली निघाली आहे. पडद्यावर दादासाहेब फाळक्यांच्या १९१७च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. बाई मिळणं इतकं अवघड होतं.

या सगळ्यांपेक्षा मला जवळची वाटते ती जात्यावरची सीता. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत सीतेचा वनवास पुन्हा पुन्हा येतो. अरण्यात ती रडते तेव्हा तिची समजूत काढायला कोण येतं? बोरी आणि बाभळी, बायका होऊन. काटेरी, कोरडवाहू रानातली ही झाडं दळणाऱ्या बाईच्या रोजच्या पाहण्यातली. राजवाड्यातलं कुणी तिथे फिरकत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचं गाव आहे. तिथल्या मंदिरात सीता एकटी आहे, शेजारी राम नाही. गावची कथा अशी की टाकलेली सीता इथे राहिली, लेकरांसाठी पसाभर गहू मागायला दारोदार गेली आणि गावाने तिला रिकाम्या हाताने परत पाठवलं. तेव्हा तिने शाप दिला की इथे गहू पिकणार नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला. त्याआधी, १९९०च्या सुमारास, त्यांनी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम हाती घेतला होता. घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करून द्या, म्हणजे कुठल्याही सीतेवर पुन्हा ही वेळ येणार नाही, हे ते सभांमधून शेतकऱ्यांना सांगत, आणि शेतकरी ते करतही.

१९९२ साली राज्य शासनानेही लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं. पतीने अर्ज केला तर सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहधारक म्हणून लागतं. खुरपणी, लावणी, वेचणी बाईच्या हातची, नाव मात्र उताऱ्यावर नाही, अशी घरं आजही आपल्या अवतीभवती आहेत. तुमचं घर त्यांतलं असेल, तर या आठवड्यात तलाठी कार्यालयात जा आणि तो अर्ज द्या.