डेव्हिडची उंची किती?

अंधाऱ्या खोलीत पुठ्ठ्याच्या बारीक फटीतून टॉर्चचा प्रकाश उपड्या वाटीवर पाडा. बाजूने पाहिलेत तर प्रकाशाची रेघ वाकलेली दिसेल. टॉर्चच्या जागेवरून पाहिलेत तर सरळच!

याच युक्तीने १९९९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी फ्लॉरेन्समधील मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ मोजला. टॉर्चऐवजी लेसर, डोळ्याऐवजी कॅमेरा. दोहोंमधील अंतर ठाऊक, दोन्ही कोन ठाऊक; मग त्रिकोणाचा तिसरा बिंदू, म्हणजे दगडावरील जागा, तुम्हीही काढाल. असे कोट्यवधी बिंदू जोडून संगणकात पुतळा उभा राहिला.

गंमत म्हणजे पुस्तकांत उंची ४.३४ मीटर छापलेली होती. त्या भरवशावर नेलेले यंत्र तोकडे पडले! खरी उंची ५.१७ मीटर भरली.

आजचे कित्येक शिल्पकार मातीचा लहान नमुना असाच मोजतात, संगणकात हवा तेवढा मोठा करतात आणि यंत्राकडून दगडात कोरून घेतात. अखेरचा हात बहुधा छिन्नीचाच. मात्र केसांच्या बटांआडच्या खोल खळग्यात किरण पोचत नाही, किंवा पोचला तरी कॅमेऱ्याला दिसत नाही. तेवढ्या जागी संगणकातल्या पुतळ्याला भोक राहते आणि ते अंदाजाने बुजवावे लागते.